पाणी ओतू नका

लग्न करून मी तेलगावला आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती स्वयंपाकाची नव्हती. "त्याचे कापडं आपल्यात मिसळू नको. येगळे भिजव, आन् आधी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढ." मला वाटलं, अगं बाई, ह्या माणसाला काही रोगबिग आहे की काय! सासूबाई हसत बसल्या. नंतर समजलं. ह्यांचं फाट्यावर बॅटऱ्यांचं दुकान. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, टेम्पोच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, दुरुस्त करायच्या, मेलेली असली तर नवी बसवायची. बॅटरीतल्या ॲसिडचा शिंतोडा शर्टावर उडाला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कपडा धुतला की तिथं भोक पडतं. माझ्या लग्नातल्या एका साडीला अशी भोकं पडली तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी शिवणकाम करते. घरात मशीन आहे, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. ह्यांच्या शर्टांना ठिगळं लावून लावून मी कावले होते. "अहो, जरा जपून काम करीत जा की," म्हटलं की हे म्हणायचे, "जपून करतो म्हणून तर शर्टावरच भागतंय."

ते खरंच होतं. एवढा जपणारा माणूस मी पाहिला नाही. कामाला लागायच्या आधी बोटातली अंगठी काढून खिशात, मनगटावरचं घड्याळ काढून खुंटीला. लोखंडाचं कडं घातलेला कुणी ड्रायव्हर बॅटरीला हात लावायला आला तर त्याला बाजूला सारायचे. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा. दुकानाचं शटर थंडीतसुद्धा पूर्ण वर. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून एक गॅस निघतो, दिसत नाही, वासही येत नाही, पण काडी लागली की पेटतो, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. भिंतीवर लाल रंगानं लिहून घेतलं होतं, 'बिडी विझवा, मग बोला.'

ड्रायव्हर लोक टवाळी करायचे. "काय बे, बायकोला भेतो तसा बॅटरीला भेतो का?"

"बायकोला कशाला भेऊ? ती सांगून फुटती," हे म्हणायचे.

मी डबा घेऊन गेलेली असले की हे माझ्यासमोरच चालायचं. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

त्यांचा सगळ्यात मोठा नियम ॲसिड पातळ करण्याचा. ॲसिडला आमच्याकडं जुनी माणसं तेजाब म्हणतात, हे पण तेजाबच म्हणायचे. कॅनमधलं कच्चं तेजाब पातळ करताना आधी भांड्यात पाणी घ्यायचं आणि त्यात तेजाब हळूहळू सोडायचं. उलटं केलं, म्हणजे तेजाबात पाणी ओतलं, तर ते एकदम तापून उसळतं आणि तोंडावर येतं. परळीला ज्या उस्तादाकडं हे शिकले, तिथं त्यांनी असं एकदा उसळलेलं पाहिलं होतं. त्यामुळं ते या नियमाच्या मागंच लागलेले असायचे. चहाच्या हॉटेलात बसले तरी तेच. शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांना तर त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की चाचाच येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायचे, "तेजाब पे पानी नक्को. कधीच न्हाई." फाट्यावर कुणालाही विचारा, तेजाबावर पाणी ओतू नका, एवढं पाठ होतं. हे नेहमी पुढचंही सांगायचे, की हे कॅनमधल्या कच्च्या मालाचं आहे, अंगावर उडालं तर मात्र पाणीच, भरपूर पाणी. पण ती दुसरी अर्धी गोष्ट कुणी कानावर घेतली नाही. लोकांना छोटं तेवढंच ध्यानात राहतं.

आता ठिणगीचं सांगते. आमच्या भागात बॅटरी चार्ज झाली की नाही हे मीटरवर कुणी मानत नाही. पाना घ्यायचा, बॅटरीच्या दोन्ही टोकांना क्षणभर टेकवायचा, आणि चर्रकन मोठी ठिणगी उडाली की माल चांगला. सगळीकडं असंच करतात. हे करायचे नाहीत. मीटर लावून आकडा दाखवायचे. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, "आकड्याचं काय खरं हाय, ठिणगी दावा की." हे म्हणायचे, "चार्जरवरून ताजी उतरवलेली हाय, आत गॅस हाय, फुटंल." काही जण दुसऱ्या दुकानात जायचे. मीच एकदा म्हटलं होतं, बाहेर लांब नेऊन दाखवा ना एकदाची, एवढं काय? त्यावर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

दसरा झाला की आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, त्यावर संसार, लेकरं, कोंबड्या. निघायच्या आधी प्रत्येकाला बॅटरी ठणठणीत करून पाहिजे, आणि ती आत्ताच पाहिजे. त्या दिवसांत ह्यांना जेवायला फुरसत नसायची. त्या दिवशी दुपारी मी घरी मशीनवर बसले होते. आमची लेक माजलगावला कॉलेजला, हॉस्टेलवर राहायची. फाट्याकडून मोठा आवाज झाला. मला वाटलं, उसाच्या गाडीचं टायर फुटलं. मी पायडल मारत राहिले. मग गल्लीतली एक बाई पळत आली आणि दारातच बसली. तिचं तोंड पाहूनच मी चपला न घालता फाट्याकडं धावले.

काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. टोळीचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, पलीकडच्याच गावचा, घाईत होता. ह्यांनी चार्जर बंद केला होता, चिमटे काढले होते आणि बॅटरीची बुचं लावायला वाकले होते. तो वयानं मोठा, म्हणून त्याच्याशी बोलताना ह्यांनी चष्मा कपाळावर सारला. ही ह्यांची सवय. मोठ्या माणसाशी डोळे झाकून बोलणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. एवढा जपणारा माणूस, आणि मानमरातबापायी! ड्रायव्हर म्हणाला, "झाली का न्हाई बघू तरी," आणि शेजारी पडलेला पाना उचलून टेकवला. जसं सगळीकडं करतात तसंच. त्याला तरी काय ठाऊक. बॅटरीचं वरचं झाकण उडालं. ड्रायव्हरचा हात भाजला. ह्यांच्या डाव्या डोळ्यात प्लास्टिकचा तुकडा घुसला आणि सगळ्या तोंडावर तेजाब.

दुकानात कोपऱ्यात पाण्याची भरलेली बादली कायम असायची, त्यासाठीच. हे तिच्याकडं चाचपडत गेले. "पाणी ओता, पाणी ओता," म्हणून ओरडत होते. चाचा पंक्चरचं टाकून धावत आले, आणि चाचांनी बादली धरली. ओतायला नव्हे, अडवायला. "नक्को, पानी नक्को! भडकंल!" हॉटेलवाला पण तेच म्हणाला. आणखी दोघं-तिघं जमले, त्यांनाही तेच पाठ. सगळ्यांना वाटलं, ह्यांना वेदनेनं भान राहिलेलं नाही, म्हणून स्वतःच शिकवलेलं विसरून पाणी मागतायत. हे बादलीकडं झेपावायचे आणि लोक प्रेमानं दंड धरून मागं ओढायचे. हॉटेलातून कुणी तुपाची वाटी आणली. माझ्या नवऱ्याच्या उघड्या डोळ्यांवर तूप चोपडलं, फडकं बांधलं, आणि जीप बोलावली.

मी पोचले तेव्हा जीप चालू झाली होती. मी मागं चढले. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. ते म्हणत होते, "धू गं. धू." चाचा समोर बसलेले, रडत होते आणि माझा हात धरून होते. "वहिनी, दवाखान्यात डॉक्टर बघंल. आपण हात लावायचा न्हाई." जीपमध्ये पाणी नव्हतंच. मी पदरानं तूप पुसत राहिले.

माजलगावला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बघता क्षणी नळीनं डोळे धुवायला घेतले. धूत होत्या, धूत होत्या, थांबेचनात. धुता धुता त्यांनी विचारलं, "तिथं लगेच पाणी किती वेळ मारलं?"

चाचा पुढं झाले. "एक थेंब न्हाई मॅडम. मी पडू दिला न्हाई."

बाईंनी मान वर करून चाचांकडं पाहिलं. पुन्हा धुवायला लागल्या. पण चाचा शहाणे माणूस. त्यांना ते पाहणं समजलं. ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि नंतर जीपमध्ये परत आलेच नाहीत, बसनं एकटे गेले.

मी फटकळ बाई आहे. राग आला की कुणाची भीड ठेवत नाही. ड्रायव्हर हाताला पट्टी बांधून भेटायला आला, पिशवीत मोसंबी घेऊन. त्याला मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "कावून टेकवला पाना? भिंतीवर लिहिलेलं दिसलं न्हाई का? माणूस सांगत होता, ऐकू आलं न्हाई का?" तो खाली मान घालून ऐकत राहिला. "वाचता येत न्हाई ताई," म्हणाला. "आन् समदे असंच बघतेत." आतून हे म्हणाले, "जाऊ दे गं. त्याला आत घे, मोसंबं तरी घे." मी मोसंबी घेतली नाहीत. तो दारात ठेवून गेला. त्याची टोळी त्याच्यावाचून पुढं गेली होती. हंगाम गेला बिचाऱ्याचा, असं आज म्हणते. त्या दिवशी म्हणाले नसते.

पण चाचांना मी काय बोलणार होते? त्यांना तर वाचवायचंच होतं. जे ह्यांनी शिकवलं तेच त्यांनी केलं. पुष्कळ दिवस चाचा आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. एकदा बाजारात समोर आले आणि मान वळवून चालू पडले. मीच हाक मारली. तर भर बाजारात म्हणाले, "वहिनी, मीच बादली धरली. अल्लाला काय सांगू?" मला एवढं भरून आलं की मी त्यांच्यावरच खेकसले, "घरी या. ते वाट बघतात. न आलात तर मी येऊन ओढत नेईन." मग यायला लागले. दोघं शेजारी बसायचे, बोलायचे थोडंच.

डावा डोळा काढावाच लागला. उजवा होता, पण बुबुळ पांढरं पडलेलं. त्यातून फक्त उजेड आणि अंधार कळायचा. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला भाग शाबूत वाटतो, मेलेल्या माणसानं दिलेलं बुबुळ बसवता येईल. मिळालं की बोलावू. झालं, आमचं सगळं घर त्या एका डोळ्यावर टांगून राहिलं. फोन वाजला की मी मशीनवरून उठायची. आणि मग मनात यायचं, आपण वाट कशाची बघतोय? कुणाच्या तरी घरी माणूस गेल्याशिवाय हा फोन यायचा नाही. देवाजवळ काय मागावं तेच कळेना. मी मागितलंच, खोटं कशाला सांगू.

फोन आला. ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी बोटं धरली, ती ह्यांनी बरोबर सांगितली. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "नथ नवीन केली का?" जुनीच होती. मी म्हटलं, "हो, तुमच्या पैशानंच केली." आणि तिथंच पदर तोंडात धरून रडले. नर्सबाई म्हणाल्या, रडू नका, त्यांनाही रडायचं नाही, डोळ्याला चालत नाही.

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. कधी कधी शरीर दुसऱ्याचं बुबुळ नाकारतं. आतला दाबही वाढू शकतो. लाली आली, धूसर झालं, की त्याच दिवशी या. मी रोज विचारायचे, "कसं हाय?" "चांगलं हाय." "धूसर न्हाई ना?" "न्हाई गं बाई."

दुकान बंद ठेवून कसं चालेल? मी उघडलं. हे खुर्चीवर बसून सांगायचे, मी हातानं करायची. बांगड्या काढून ठेवायला शिकले. आधी चार्जर बंद, मग चिमटे, हे शिकले. गाडीतून बॅटरी काढताना आधी काळी वायर सोडायची, लावताना ती शेवटी. चष्मा घातला की मी कशी दिसते तशी दिसो, पण कुणाशीही बोलताना मी तो वर करत नाही. समोर आमदार का येईना. कुणी म्हणालं, "ताई, ठिणगी दावा की," तर म्हणते, "दावते. आधी घरच्यांचा निरोप घेऊन या." आणि बादलीजवळ उभं करून प्रत्येकाला सांगते, अंगावर उडालं तर पाणी, डोळ्यात गेलं तर पाणी, डॉक्टर येईपर्यंत पाणी. लोक म्हणतात, बाई लई बोलती. बोलती तर बोलती.

हे मीटरचा आकडा मला वाचायला सांगायचे. म्हणायचे, तुला सवय होऊ दे. मला पटायचं. पेपर चाचांकडून वाचून घ्यायचे. म्हणायचे, बारीक अक्षरानं डोळा शिणतो. तेही पटायचं. चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, तर मला उलट बरंच वाटायचं. पूर्वी चारचौघांत कधी ठेवला नव्हता.

आणि मला एका गोष्टीचा मोठा आधार होता. आमच्याकडं लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. संध्याकाळी दुकानात लाईट गेली, की सगळ्यांच्या आधी हेच म्हणायचे, "लाईट गेली गं." मी टर्मिनल घासत खाली मान घालून असायची, माझ्या ध्यानात यायच्या आधी त्यांचं बोलून झालेलं असायचं. मी मनात म्हणायची, बघा, डोळा जिवंत आहे. लेकीला फोनवर हेच सांगायची. ती लगेच दुसरंच काही बोलायला लागायची. कॉलेजच्या टेन्शनमुळं असेल, असं मी समजायची.

गेल्या थंडीत चार्जरचं कॉईल जळालं. तो बीडला दुरुस्तीला पाठवला. दुकानात काम थोडं, पण सवयीनं आम्ही येऊन बसलो होतो. बाहेर अंधार पडला होता, ट्यूब चालू होती. हे खुर्चीवर, भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून. मी एका बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावत होते. लेकीच्या परीक्षेचं काहीतरी बोलत होतो.

लाईट गेली. दुकानातली, हॉटेलातली, मेडिकलची, सगळ्या फाट्याची. मला हातातली बॅटरी दिसेना. मी ह्यांच्या बोलण्याची वाट पाहिली. हे परीक्षेचंच बोलत राहिले. फी भरायची तारीख, मग हॉस्टेलचं जेवण. मी म्हटलं, म्हणतील आता. म्हणालेच नाहीत.

चार्जर चालू असला की घूं घूं आवाज करतो. लाईट गेली की तो आवाज थांबतो. आजवर त्यांना लाईट गेलेली दिसत नव्हती, ऐकू येत होती. आज चार्जर नव्हता.

मला वाटलं, ओरडावं. विचारावं, कधीपासून? का नाही सांगितलं? दवाखान्यात गेलो असतो की! पण कधीपासून ते मला माहीतच होतं, पेपर, मीटर, खांद्यावरचा हात. ह्यांनी डोळा गेल्याचं मला कळू दिलं नाही, कारण त्या डोळ्यावर मी जगत होते. टॉर्च माझ्या हाताशी होता, मी लावला नाही.

अंधारात हे म्हणाले, "त्या घड्याळाची काच लई मळलीय गं. काटेच नीट दिसंनात."

मी चाचपडत व्हॅसलीनच्या डबीला झाकण लावलं. मग म्हटलं, "व्हय, धूळ बसलीय. उद्या पुसते."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मी काच पुसली. स्वच्छच होती. खाली उतरताना स्टूल वाजलं, तसे हे घड्याळाकडं बघून म्हणाले, "आता कसं लख्ख दिसतंय." मी म्हटलं, "दिसणारच. पुसलीय ना."